विमानतळावरून जवळचं भाडं: टॅक्सीवाल्याशी न भांडता घरी कसं पोहोचायचं

रात्रीचा दीड वाजला होता. मुंबईत सहार विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल २) मधून बाहेर आलो तेव्हा मुलगी खांद्यावर झोपलेली, ट्रॉलीवर तीन बॅगा, आणि जायचं होतं मरोळला. लाइनीत पुढे लागलेल्या काळ्या-पिवळीवाल्याने विचारलं, "कहाँ?" मी म्हटलं, "मरोळ, मिलिटरी रोड." त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बॅगांकडे, मग वर छताकडे. "तीन घंटे से लाइन में खड़ा हूँ साहब. और आप को मरोल जाने का है."

मी त्याला कायदा सांगितला, की भाडं नाकारता येत नाही. तो गप्प बसला, आम्हाला बसवलं आणि मरोळपर्यंतचा प्रत्येक गतिरोधक असा उडवला की मुलगी जागी होऊन रडायला लागली. कायदा जिंकला, झोप हरली. बायको उतरताना एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी तू बोलू नकोस."

अंधेरी, पार्ले, मरोळ, साकीनाका, कुर्ला इकडे राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. विमानाने हजारो किलोमीटर येतो आणि शेवटच्या चार किलोमीटरला अडकतो. त्या रात्रीनंतर बऱ्याच फेऱ्या झाल्या, बरंच चुकलं, त्यातून जी पद्धत बसली ती इथे मांडतो. मुख्यतः मुंबईसाठी, पुणे, गोवा आणि परदेशाबद्दल पुढे थोडं आहे.

आधी त्याचा हिशेब करून बघा

हे सहानुभूतीसाठी सांगत नाही. हा हिशेब कळला की पुढची प्रत्येक पायरी सोपी होते, म्हणून सांगतो.

१ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत काळ्या-पिवळीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये आहे आणि पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये. चार किलोमीटरच्या मरोळचे झाले सुमारे ८३ रुपये. पंचवीस किलोमीटरवर दक्षिण मुंबईत जाणाऱ्याचे होतात सुमारे ५१६. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ सव्वापट, म्हणजे तुमचे फार तर १०३. आता विमानतळावर टॅक्सी अशी थेट दारात येत नाही. आधी लांबच्या वाहनतळावर नंबर लावायचा, पुढची गाडी सरकली की आपण सरकायचं, आणि दोन-दोन, तीन-तीन तासांनी एकदा दारात यायचं. बरेच ड्रायव्हर गाडीचे मालक नसतात. मालकाला रोजचे ठरलेले पैसे द्यायचे, गॅस आपल्या खिशातून भरायचा आणि उरेल ते घरी न्यायचं. तीन तास उभं राहून ८३ रुपये मिळाले आणि परत यायचं तर पुन्हा लाइनीच्या शेपटाला.

म्हणजे राग तुमच्यावर नसतो, त्या लाइनीवर असतो. तुम्ही फक्त समोर दिसता.

यातून निघणारी युक्ती साधी आहे: ज्याने तुमच्यासाठी लाइन लावलेली नाही, त्याला तुमचं जवळचं भाडं गोड लागतं. चौकातून चाललेल्या रिकाम्या रिक्षाला चार किलोमीटर म्हणजे चांगली खेप. तेच चार किलोमीटर लाइनीतल्या टॅक्सीला शिक्षा. पुढच्या बहुतेक पायऱ्या या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

पायरी १: विमानात बसण्याआधी तीन गोष्टी

घरापर्यंतचं अंतर नकाशावर बघून ठेवा, "जवळच आहे" या अंदाजावर राहू नका. टी-१ आणि टी-२ यांच्यात मोठा फरक पडतो. पार्ले पूर्वच्या माणसाला टी-१ म्हणजे अंगणात उतरल्यासारखं, टी-२ म्हणजे वळसा. तिकिटावर कोणतं टर्मिनल आहे ते नीट वाचा.

अंतरावरून मीटरचं भाडं स्वतः काढा. टॅक्सीचं गणित वर दिलंय. रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरला २६ आणि पुढे किलोमीटरला १७.१४. चार किलोमीटरला ६९ रुपये. हा आकडा डोक्यात असला की कोणी "पाँच सौ दे दो" म्हटलं तर हसू येतं. नसला तर घाम येतो.

तिसरी गोष्ट सुट्टे. दहा, वीस, पन्नासच्या नोटा पाकिटाच्या वरच्या कप्प्यात. परदेशातून येणाऱ्याकडे हमखास पाचशेची एकच करकरीत नोट असते, आणि ८३ रुपयांसाठी ती पुढे केली की आधीच वैतागलेल्या माणसाला दुसरं कारण मिळतं. यूपीआय चालतं, पण दहा दिवस परदेशात राहिल्यावर विमानतळावर उतरता क्षणी फोनला नेटवर्क येईल याची खात्री धरू नका.

पायरी २: टॅक्सी लागतेच का?

हा प्रश्न मेट्रो ३ येण्यापूर्वी विचारण्यात अर्थ नव्हता, आज आहे. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. टी-१ आणि टी-२ दोन्हीकडे तिची स्थानकं आहेत. टी-२ च्या पुढचंच स्थानक मरोळ नाका. तिथे उतरून मेट्रो १ पकडली की एका बाजूला चकाला आणि अंधेरी, दुसऱ्या बाजूला साकीनाका आणि घाटकोपर. दुसऱ्या दिशेला सहार रोड, टी-१, सांताक्रूझ, वांद्रे कॉलनी, बीकेसी.

माझ्यासारख्या मरोळकराला तर एकच स्थानक. तिकीट दहा रुपयांपासून. खाली उतरून, नाक्यावर वर येऊन रिक्षा केली की रिक्षावाला खूश आणि मीही खूश, कारण त्याने माझ्यासाठी कुठेच लाइन लावलेली नसते. एकट्याने, एक बॅग घेऊन, दिवसा येत असाल तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

पण मेट्रो रात्रभर चालत नाही आणि आखाती देशांतून, युरोपातून येणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर उतरतात. शिवाय तीन मोठ्या बॅगा आणि पेंगुळलेली आई बरोबर असताना सरकत्या जिन्यांवरून मेट्रोची कसरत करू नका. मी एकदा केली. बॅग वरच्या पायरीवरून निसटली, देवाच्या कृपेने खाली कोणी नव्हतं.

पायरी ३: वाहन निवडा, पण जवळच्या भाड्याच्या नजरेने

लांब जाणाऱ्याने कुठलं वाहन घ्यावं आणि जवळ जाणाऱ्याने कुठलं, याची उत्तरं वेगळी आहेत.

*प्रीपेड काउंटर.* जवळच्या भाड्याला, विशेषतः रात्री, माझी पहिली पसंती. दर मीटरपेक्षा थोडा चढा असतो, आणि तोच त्याचा फायदा आहे. ठिकाणानुसार आधीच ठरलेले पैसे, हातात पावती, पावतीवर गाडीचा नंबर. घासाघीस संपते. ड्रायव्हरला राग आला तरी तो काउंटरवर निघतो, तुमच्यावर कमी. पन्नास-शंभर रुपये जास्त जातात, ते मी शांततेचे पैसे म्हणून मोजतो.

*मीटरची टॅक्सी.* स्वस्त आहे, पण नाराजी सगळ्यात जास्त इथेच. लाइनीवर माणूस किंवा पोलीस उभा असेल तरच जवळच्या ठिकाणासाठी या वाटेला जा.

*ॲपची गाडी.* इथे नकार तोंडावर मिळत नाही, फोनवर मिळतो. "सर, कहाँ ड्रॉप है? कॅश या ऑनलाइन?" आणि मग शांतता. नकाशावरची गाडी जागची हलत नाही. तुम्ही कंटाळून रद्द करावं, म्हणजे दंड तुमच्या माथी, असा तो खेळ असतो. उपाय: रद्द करू नका, ॲपमधूनच मेसेज लिहा, "मी पिकअपच्या जागी उभा आहे, वाट बघतोय." बोलणं लेखी राहतं. केंद्र सरकारच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भाडं स्वीकारल्यावर विनाकारण रद्द करणाऱ्या ड्रायव्हरला भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये, दंड आहे. तरीही रात्री दीड वाजता तत्त्वासाठी अर्धा तास उभं राहायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी दहा मिनिटं थांबतो, मग प्रीपेडकडे वळतो. ॲपच्या बिलात विमानतळाचं शुल्कही लागतं, त्यामुळे चार किलोमीटरला ॲप स्वस्त पडेल ही समजूत काढून टाका.

*रिक्षा.* टी-१ ला उतरणाऱ्या पार्ले-सांताक्रूझवाल्यांचं खरं वाहन हेच. दोन पावलं बाहेर चालायची तयारी ठेवा. अगदी दारात थांबलेल्या रिक्षांनीही लाइन लावलेली असते, आणि टॅक्सीवाल्याचाच हिशेब त्यांनाही लागू होतो. रस्त्यावरून जाणारी रिकामी रिक्षा वेगळी.

आता ती एक प्रसिद्ध युक्ती, जी प्रत्येक पार्लेकर दुसऱ्याला कानात सांगतो: वर डिपार्चरला जा, तिथे लोकांना सोडून रिकाम्या परतणाऱ्या टॅक्सी असतात, त्यांनी लाइन लावलेली नसते. तर्क शंभर टक्के बरोबर आहे. पण तिथे प्रवासी भरायची परवानगी नसते, शिट्टी मारणारा माणूस गाडी थांबू देत नाही, आणि ड्रायव्हरला दंड झाला तर तुमचे ८३ रुपये त्याला कितीला पडले ते बघा. मी हे आता करत नाही.

पायरी ४: काउंटरवर काय बोलायचं

"अंधेरी" असं नुसतं म्हणू नका. अंधेरी पूर्व आणि पश्चिम यांच्यात पूल आहे, रेल्वेलाइन आहे आणि वेळेनुसार अर्ध्या तासाचा फरक आहे. "अंधेरी पूर्व, चकाला मेट्रोजवळ" असं सांगा. तुम्ही आखडतं बोललात आणि ठिकाण प्रत्यक्षात पुढे निघालं, तर ड्रायव्हर वाटेत जास्त मागणार आणि त्या वेळी बरोबर तोच असणार.

पावती हातात आली की तीन गोष्टी वाचा: ठिकाण, रक्कम, गाडीचा नंबर. मग त्याच नंबरची गाडी शोधा. कोणी मध्येच येऊन "लाओ, दिखाओ" म्हणत पावती ओढायला लागला तर सोडू नका.

आणि प्रीपेडमधली सगळ्यात मोलाची गोष्ट: पावतीची ड्रायव्हरची प्रत घराच्या दारात उतरल्यावरच द्यायची. ती दाखवून त्याला पैसे मिळतात. ती तुमच्या खिशात आहे तोवर तो तुम्हाला मध्येच कुठे उतरवणार नाही. "गेट पे दिखाना पड़ता है" असं सांगून सुरुवातीलाच मागितली तर दाखवा, नंबर लिहू द्या, परत घ्या.

पायरी ५: ठिकाण कधी सांगायचं

यावर घरोघरी दोन पक्ष असतात. एक म्हणतो, आधी बसायचं, बॅगा डिकीत टाकायच्या, दार लावायचं आणि मग सांगायचं, म्हणजे उतरवणार कसा? माझे सासरे या पक्षाचे. मी दुसऱ्या. बॅगा त्याच्या डिकीत आणि वाद रस्त्यावर, ही जागा वाईट. रागावलेला माणूस स्टिअरिंगवर आणि आपलं सामान त्याच्या ताब्यात, त्यापेक्षा नकार बाहेर उभं असताना मिळालेला बरा.

म्हणून क्रम असा: आधी ठिकाण, तेही लाइन सांभाळणाऱ्या स्टँडवरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग मीटर किंवा पावतीची खात्री. मग सामान. पासपोर्ट, पैसे, औषधं, लॅपटॉप यांची बॅग मांडीवर.

पायरी ६: बोलण्याची तऱ्हा

माझी त्या रात्रीची चूक कायद्याची नव्हती, क्रमाची होती. कायदा हे शेवटचं पान आहे, मी ते पहिल्याच डावात टाकलं.

तो म्हणतो, "इतना नजदीक नहीं जाएगा." त्यावर "जाना पड़ेगा" म्हणू नका. म्हणा, "हाँ भाई, पता है, लाइन लंबी है आज. बच्ची सो रही है, घर छोड़ दो." त्याचा त्रास आपण आधी बोलून टाकला की त्याला तो पुन्हा सांगायचं कारण उरत नाही. मराठी ड्रायव्हर असेल तर "काका, जवळच आहे, पण सामान बघा ना" एवढंही पुरतं. समोरच्याच्या वयाप्रमाणे काका, दादा, भाऊ म्हणा. पंचविशीतल्या पोराला "ए टॅक्सी" म्हटलं की गतिरोधक मोजायची तयारी ठेवा.

तरी नाही म्हणाला तर एकदाच, आवाज न चढवता: "ठीक है, तो स्टँडवाले से बोल देता हूँ, वो दूसरी गाड़ी दे देगा." यात धमकी नाही, पण अर्थ पोहोचतो. दहापैकी आठ वेळा इथे डिकी उघडते. हे आकडे माझे आहेत, कोणत्या पाहणीचे नाहीत.

जास्त पैसे द्यायचे का? माझं मत असं: आधी कबूल केलात तर तो भाव झाला, आणि उद्या येणाऱ्या पार्लेकर आजींनाही तोच भाव लागणार. उतरल्यावर दिलेत तर ती खुशी. मी मीटरवर तीस-चाळीस रुपये उतरल्यावर देतो, सामान उतरवायला मदत केली तर पन्नास. "ये आप की लाइन का," असं म्हणून दिले की बहुतेक जण हसतात. गतिरोधक उडवणाऱ्याला देत नाही.

पायरी ७: गाडीत बसल्यावर राग निघाला तर

चार प्रकार पाहिलेत.

वेग: "भैया, बच्ची को उलटी हो जाएगी." सीट खराब होण्याची भीती कुठल्याही व्याख्यानापेक्षा लवकर काम करते.

लांबचा रस्ता: चार किलोमीटरचे सात करण्याची हौस. नकाशा मोठ्या आवाजात लावा, बाईचा आवाज गाडीत घुमू द्या. प्रीपेडमध्ये हा प्रकारच होत नाही, कारण लांबून नेण्यात त्याचाच तोटा.

गाडी अचानक "खराब" होणं: उजेडाच्या जागी, पेट्रोल पंपाजवळ किंवा हॉटेलसमोर थांबवायला सांगा आणि दुसरं वाहन येईपर्यंत सामान त्याच्या डिकीतून काढून स्वतःजवळ ठेवा. प्रीपेडची पावती देऊ नका.

अबोला: याला उपाय नको. चार किलोमीटर आहे, घर येतंच.

एकटी बाई, रात्रीची वेळ, आणि ड्रायव्हर बसायच्या आधीच कुरकुरतोय, तर मन वळवत बसू नका, ती गाडी सोडून द्या. गाडीत बसताना नंबर घरच्यांना पाठवा आणि तो पाठवलाय हे फोनवर मोठ्याने बोला. खरोखर भीती वाटली तर ११२.

बाहेरगावी

पुण्यात लोहगावहून विमाननगर, कल्याणीनगर, खराडी हीच दुखणी. रिक्षाचं मीटर दीड किलोमीटरला २५ आणि पुढे १७ रुपये असलं तरी विमानतळाच्या दारात ते खाली पडताना फारसं दिसत नाही. ॲपच्या गाड्यांसाठी एरोमॉलच्या वाहनतळापर्यंत जावं लागतं. विमाननगरला जाणारे कित्येक जण तेवढं चालल्यावर आणखी थोडं चालून रस्त्यावरची रिक्षा करतात. पुण्यातला हा सगळ्यात शहाणा उपाय.

गोव्यात दाबोळीहून वास्को जवळ आहे, पण तिथे मीटरच्या गोष्टी करू नका. काउंटरवरचा दरफलक वाचा आणि त्याप्रमाणे चला. पाठीवर एकच बॅग असलेला वास्कोकर बाहेर मुख्य रस्त्यावर येऊन बस धरतो.

परदेशात काही ठिकाणी हा प्रश्न मुळातच सोडवलाय. न्यूयॉर्कच्या जेएफकेवर मॅनहॅटनचं भाडं ठरावीक ७० डॉलर, त्यामुळे क्वीन्समधल्या आपल्या मंडळींचं जवळचं भाडं ड्रायव्हरला नकोसं. तिथे अशा ड्रायव्हरला 'शॉर्टी' नावाचं तिकीट मिळतं. ठरलेल्या वेळात परतला की लाइनीच्या शेपटाला न जाता पुढे घुसता येतं. ड्रायव्हरने तोंड वाकडं केलं तर लाइनवरच्या माणसाला "शॉर्टी" एवढंच म्हणा. बँकॉकच्या सुवर्णभूमीवर जवळच्या प्रवासासाठी वेगळी रांग आहे आणि मीटरवर ५० बाथ जादा द्यायचे असतात. सिंगापूरच्या चांगीवर विमानतळाचा अधिभार मीटरमध्येच जोडला जातो. ही वाढ बिलात दिसली म्हणून भांडू नका, ती लाइनीची भरपाई आहे. मुंबईत अशी काही सोय झाली तर मरोळमध्ये पेढे मी वाटेन.

पायरी ८: तक्रार

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १७८ (३) नुसार परवानाधारक टॅक्सी किंवा रिक्षाने भाडं नाकारणं हा गुन्हा आहे. कलमातला दंड मात्र बघा: तीनचाकीला ५० रुपयांपर्यंत, टॅक्सीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५०० रुपयांपर्यंत. म्हणून "तुरुंगात टाकीन" वगैरे बोलू नका, त्यालाही हे माहीत असतं. त्याला खरी कटकट वाटते ती आरटीओत बोलावलं जाण्याची, कारण त्यात एक दिवस बुडतो.

त्यासाठी लागतं काय? गाडीचा नंबर, पूर्ण. पिवळ्या पाटीचा फोटो असला तर उत्तमच. वेळ, टर्मिनल, नेमकी जागा आणि तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. ड्रायव्हरच्या तोंडासमोर फोन धरून व्हिडिओ काढू नका. गाडीच्या मागून पाटीचा फोटो काढलेला पुरतो. मुंबई वाहतूक पोलिसांचा व्हॉट्सॲप क्रमांक ८४५४९९९९९९. गाडी ज्या आरटीओची आहे तिथेही तक्रार देता येते: एमएच-०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. ॲपची गाडी असेल तर तक्रार त्याच फेरीच्या नोंदीतून करा, नाहीतर ती कुठे जाते ते तुम्हालाही कळत नाही.

मजकूर एवढाच: "दिनांक अमुक, रात्री १.३५, टी-२ आगमन, टॅक्सी क्रमांक अमुक. मरोळला जायचे सांगितल्यावर चालकाने 'नजदीक का भाड़ा नहीं' म्हणून नकार दिला. पाटीचा फोटो सोबत." हा मजकूर रिकाम्या जागा सोडून मोबाइलमध्ये आधीच लिहून ठेवा. रात्री दीड वाजता, खांद्यावर झोपलेली पोर सांभाळत, एका अंगठ्याने मराठी टाइप होत नाही.